वारशाची प्रत आणि विद्यार्थ्याची प्रतिभा

परंपरेतून प्रेरणा घेऊन काही नवे निर्माण करा, असे कलाशिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर सांगितले जाते. प्रेरणा घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र क्वचितच उलगडून सांगितले जाते. दीडशे वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रे उतरवीत बसलेल्या विद्यार्थ्यांपासून आजच्या पदवी प्रदर्शनांपर्यंत या प्रश्नाचा घेतलेला हा मागोवा.

कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्याला स्वतंत्र प्रकल्प करावा लागतो. विषय निवडण्याची मुभा असते आणि बहुधा त्याच वेळी ‘सांस्कृतिक वारसा’ हे शब्द पुढे येतात. कुणी वारली चित्रांतील माणसे कापडावर उतरवितो, कुणी पैठणीच्या पदरावरील मोर भिंतीवर नेतो, तर कुणी हेमाडपंती देवळाच्या खांबावरील नक्षी पाहून दागिन्यांची मालिका तयार करतो. प्रदर्शनात हे काम देखणे दिसते. परंतु जाणकार प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न उरतोच : यात परंपरेचे किती आणि विद्यार्थ्याचे किती?

महाराष्ट्रात शाळेत असताना चित्रकलेची ग्रेड परीक्षा दिलेल्यांना या प्रश्नाची दोन्ही अंगे ओळखीची आहेत. त्या परीक्षेत ‘स्मरणचित्र’ असते आणि ‘संकल्पचित्र’ही असते. स्मरणचित्रात पाहिलेले, अनुभवलेले आठवून रेखाटायचे असते. संकल्पचित्रात पाने, फुले, भौमितिक आकार यांची दिलेल्या चौकटीत नवी मांडणी करायची असते. वारशावर आधारलेल्या प्रकल्पाला ही दोन्ही कामे एकदम करावी लागतात. आठवण कच्ची असेल तर कल्पना पोकळ ठरते आणि कल्पनाच नसेल तर काम प्रतीच्या पुढे जात नाही. आपल्याकडील कलाशिक्षणाचा इतिहास या दोन टोकांमधील ओढाताणीचाच इतिहास आहे, असे म्हणता येईल.

लेण्यांतील तेरा वर्षे

सर जमशेदजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत सुरू झालेले कलाविद्यालय पुढे ‘सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट’ म्हणून नावारूपाला आले. इंग्रज शिक्षक, ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे आणि त्यांवरून रेखाटनाचा सराव, असे तेथील शिक्षणाचे स्वरूप होते. त्याच शाळेतील एक शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ साली आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेले. तेथील भित्तिचित्रांच्या प्रती तयार करणे, हे काम सरकारने त्यांच्याकडे सोपविले होते. ते १८८५ पर्यंत चालले आणि त्यातून सुमारे ३०० चित्रपट तयार झाले. या कामात पेस्तनजी बोमनजी हे विद्यार्थी अग्रभागी होते. पुढे पारशी कुटुंबांचे घरगुती जीवन रंगविणारे चित्रकार म्हणून त्यांनी नाव मिळविले.

वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावरील या लेण्यांत विद्यार्थ्यांना जे पाहायला मिळाले, ते शाळेतील प्लास्टरच्या पुतळ्यांपेक्षा सर्वस्वी वेगळे होते. अजिंठ्याचे काम दोन कालखंडांत झाले. पहिला इसवी सनापूर्वीचा, तर दुसरा इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. चित्रकारांनी आधी खडबडीत कातळावर मातीचा गिलावा चढविला. त्यात वनस्पतींचे तंतू, भाताचे तूस आणि वाळू मिसळलेली होती. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, लाल रेषेने आकृती आखल्या, रंग भरले आणि शेवटी गडद रेषांनी आकार पक्के केले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी हे रंग आसपासच मिळणारे होते. दूरवरून आला तो फक्त निळा रंग देणारा लाजवर्द दगड. युरोपातील ‘फ्रेस्को’प्रमाणे हे रंग ओल्या चुन्यावर दिलेले नाहीत. कोरड्या पृष्ठभागावर ते डिंकासारख्या चिकट पदार्थात मिसळून लावलेले आहेत.

हा तपशील तांत्रिक वाटला, तरी विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो कळीचा आहे. अजिंठ्याच्या आकृतींत छाया-प्रकाशापेक्षा रेषेवर भर का, हे पुस्तकातील छायाचित्र पाहून पुरते उमगत नाही. स्वतः ती रेषा ओढताना, हात कोठे थांबतो आणि कोठे वळतो हे अनुभवताना ते कळू लागते. प्रत करणे हा म्हणूनच अभ्यासाचा जुना आणि खात्रीचा मार्ग मानला गेला. संगीतातील शिष्य गुरूची तान जशीच्या तशी घोटतो, त्याच जातीचा हा रियाज आहे.

प्रतींचे दैव

या प्रतींचा पुढील इतिहास मात्र क्लेशदायक आहे. ग्रिफिथ्स यांच्या आधी, १८४४ पासून, मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यात अनेक वर्षे राहून प्रती केल्या होत्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्या प्रती १८६६ च्या आगीत बहुतांशी भस्मसात झाल्या. जे. जे.च्या विद्यार्थ्यांचे कामही लंडनलाच रवाना झाले आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्यातील पुष्कळ चित्रे नष्ट झाली. उरलेली चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. गिल यांच्या बचावलेल्या कामासह त्यांची संख्या १६६ भरते. त्यांवर आधारित ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मूळ भिंतींवरील काही भाग नंतरच्या काळात झिजले, पोपडे होऊन गळून पडले. त्यामुळे एके काळी केवळ सराव मानलेल्या या प्रती आता संशोधकांसाठी पुरावा ठरल्या आहेत. विशीतल्या विद्यार्थ्यांनी पाहून काढलेल्या रेषेत, मूळ चित्रातून नाहीसा झालेला एखादा हात किंवा चेहरा टिकून राहिला आहे.

याच कथेची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. अंधारलेल्या लेण्यांत चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स आणि त्यांच्या चमूने मूळ चित्रांवर व्हार्निश लावले. तात्पुरती उजळलेली चित्रे कालांतराने पिवळी, काळपट पडली आणि त्यांच्या ऱ्हासाला हातभार लागला. हेतू अभ्यासाचा होता, प्रेम खरे होते. तरीही इजा व्हायची ती झालीच. वारशाजवळ जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा प्रसंग ध्यानी ठेवावा. देवळाच्या भिंतीवरील शिल्पाचा ठसा घेण्यासाठी त्यावर रंग फासणे किंवा जुन्या पोथीच्या पानावर ट्रेसिंगचा कागद ठेवून पेन्सिल दाबणे, हे त्याच चुकीचे आजचे रूप होय.

अजिंठ्याहून राज्यघटनेपर्यंत

प्रत केलेल्या चित्रांतून स्वतःची वाट कशी निघते, याचे ठळक उदाहरण बंगालमध्ये सापडते. १९०९ ते १९११ या काळातील हिवाळ्यांत ख्रिश्चियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्यात पुन्हा एकदा प्रतींचे काम हाती घेतले. तिच्या मदतीला कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकूर यांचे तरुण शिष्य आले होते. त्यांत नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते. हैदराबादचे सय्यद अहमद हेही या कामात सहभागी झाले होते.

नंदलाल यांच्या हाताला अजिंठ्याची रेषा तेथे वळली, ती आयुष्यभर सुटली नाही. पण त्यांनी ती जशीच्या तशी वापरली नाही. १९३८ साली गुजरातेतील हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी चित्रफलक तयार केले. त्यांत राजपुत्र आणि बोधिसत्त्व नव्हते. ढोल वाजविणारा, शेतकरी, धान्य कांडणारी बाई अशी गावची माणसे होती. रेषा जोमदार, रंग सपाट आणि मांडणी लोकचित्रांच्या जवळची होती. लेण्यांत शिकलेली शिस्त आणि बंगालच्या पटचित्रांची मोकळीक यांचा येथे मेळ बसला होता.

पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिक्षक असलेल्या नंदलाल यांच्याकडे भारतीय राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रतीची सजावट सोपविण्यात आली. हे काम त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केले. उद्देशिकेच्या पानाची चौकट जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा या त्यांच्या विद्यार्थ्याने रेखाटली. घटनेच्या भागांच्या आरंभी मोहेंजोदडोची मुद्रा, बुद्ध, अकबर, छत्रपती शिवाजी महाराज व गुरू गोविंदसिंग, गांधीजींची दांडीयात्रा अशी चित्रे क्रमाने येतात. १९४९ मध्ये स्वीकारलेल्या दस्तऐवजाला पाच हजार वर्षांच्या वारशाची चौकट द्यायची, ही कल्पना अजिंठ्याच्या कोणत्याही भिंतीवर लिहिलेली नव्हती. भिंतीवरून मिळाली ती रेषा आणि रचना. त्यांनी काय सांगायचे, हे नव्या पिढीने ठरविले.

मंदिराच्या वाटेवर

वारसा म्हणजे केवळ जुन्या वास्तू नव्हेत, याची आठवण देणारी कलाकृती मुंबईतच घडली. १८९६ च्या सुमारास जे. जे.मधील विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये एक शिल्प साकारले. ‘मंदिरपथगामिनी’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. नऊवारी लुगडे नेसलेली, पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली मराठी युवती हा त्याचा विषय. बॉम्बे आर्ट सोसायटीने त्याला पारितोषिक दिले, राजा रविवर्मा यांनी वाखाणले आणि सर जॉर्ज बर्डवूड यांच्यासारख्या इंग्रज जाणकारांनीही त्याची प्रशंसा केली.

या शिल्पाचे तंत्र पाश्चात्त्य आहे, यात शंका नाही. शरीररचनेची जाण आणि वस्त्राच्या चुण्यांमधून अंगलट सूचित करण्याची हातोटी शाळेतील ग्रीक-रोमन साच्यांच्या परंपरेतून आलेली आहे. परंतु त्या चुण्या नऊवारीच्या आहेत. कासोटा कसा घट्ट बसतो, पदर खांद्यावरून कसा उतरतो, हातात पूजेचे साहित्य असले की पाऊल कसे पडते, हे कोणत्याही साच्यात नव्हते. ते मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर रोज दिसत होते. इतरांना इतके परिचित असलेले दृश्य पाहण्याजोगे आहे, हे त्या विशीच्या आसपासच्या विद्यार्थ्याला जाणवले. कल्पनाशक्तीचे काम अनेकदा एवढेच असते : जवळचे पुन्हा एकदा नीट पाहणे.

साचा होतो तेव्हा

विसाव्या शतकात, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, जे. जे.मध्ये भित्तिचित्रणाचा वर्ग सुरू झाला. भारतीय विषय, भारतीय अलंकरण यांना त्यात प्रतिष्ठा मिळाली. नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या भिंती रंगविण्यापर्यंत विद्यार्थ्यांच्या कामाची मजल गेली. त्याच वेळी एक धोकाही दिसू लागला. अजिंठ्याचे अर्धोन्मीलित डोळे, लांब बोटे, कमनीय उभे राहणे यांचा हळूहळू साचा बनला. विषय कोणताही असो, चेहरा तोच, अशी स्थिती आली.

या साच्याविरुद्ध तरुणांनी बंड केले. गोव्यातील सालिगावात जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा हे जे. जे.मधून काढून टाकलेले विद्यार्थी. त्यांनी १९४७ साली सहकाऱ्यांसह ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला. मात्र त्यांनीही वारसा टाकून दिला नाही. लहानपणी पाहिलेल्या गोव्याच्या चर्चमधील क्रूसावरचा ख्रिस्त आणि संतप्रतिमा त्यांच्या चित्रांत वेदनेचे आणि संतापाचे रूप घेऊन आल्या.

वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. १९४८ मध्ये जे. जे.ची पदविका घेतलेल्या गायतोंडे यांच्यावर आरंभी भारतीय लघुचित्रांचा, विशेषतः जैन आणि बसोली शैलीचा प्रभाव होता. पुढे त्यांनी चित्रातील माणसे, झाडे, महाल एकेक करून वगळले आणि केवळ रंगांच्या परस्परसंबंधांचा शोध घेतला. त्यांच्या अमूर्त चित्रांत लघुचित्राची एकही आकृती नाही. लघुचित्र पाहून कमावलेली रंगाची नजर मात्र आहे. वारसा पूर्ण पचला की तो ओळखू येईलच असे नाही, हे गायतोंडे यांच्या प्रवासातून दिसते.

जिवंत परंपरेचे देणे

अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत आणि त्यांचे वंशज हक्क सांगायला येणार नाहीत. जिवंत परंपरांची गोष्ट निराळी आहे. डहाणू, तलासरी परिसरातील वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकात पालघाट देवी असते आणि त्याच्याशी लग्नविधी जोडलेला असतो. हे चित्र ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’, हा शब्दही पुरेसा बोलका आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून वारली चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर शेती, मासेमारी, तारपा नृत्य असे सारे जग उभे केले. मशे यांना २०११ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज तारप्याभोवती फेर धरलेली ती माणसे कपांवर, पडद्यांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर सर्रास दिसतात. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची, म्हणजे ‘जीआय’ची नोंदणी मिळाली. या संरक्षणाची मर्यादा विद्यार्थ्यांनी समजून घ्यायला हवी. ‘जीआय’ प्रामुख्याने नावाचे रक्षण करतो. विशिष्ट प्रदेशात, विशिष्ट पद्धतीने न बनलेली वस्तू त्या नावाने विकता येत नाही. शैलीचे अनुकरण मात्र त्यातून सहसा थांबत नाही. जेथे कायदा थांबतो, तेथे सौजन्याचा आणि प्रामाणिकपणाचा प्रांत सुरू होतो. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथील फॅशन शोमध्ये ‘प्राडा’ने कोल्हापुरी चपलेसारख्या चपला उल्लेखाविना मांडल्या, तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली आणि कंपनीला प्रेरणेचे मूळ मान्य करावे लागले. जी अपेक्षा आपण इटलीतील कंपनीकडून करतो, ती आपल्याच महाविद्यालयातील विद्यार्थ्याकडून का करू नये?

सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी परंपरा याच दृष्टीने पाहण्याजोगी आहे. चित्रांच्या पोथीतील एकेक पान समोर धरून, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने गायची, असे तिचे स्वरूप. परशुराम गंगावणे यांनी ही कला जतन करण्यासाठी आयुष्य वेचले आणि २०२१ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. पोथीतील एखादे चित्र सुटे काढून चौकटीत लावले, तर ते शोभेचे होते. त्याचा आवाज मात्र मागे राहतो. आधीचे पान आणि नंतरचे पान, गाणारा गळा आणि समोर बसलेले गाव मिळून ते चित्र पूर्ण होते. चित्रकथीवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याने पिंगुळीला जाऊन एक आख्यान सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले, तर त्याला मोठ्या डोळ्यांच्या आकृतींपलीकडे काही सापडेल. दृश्यांची मालिका लावून गोष्ट सांगण्याची ती रीत आजच्या चित्रकादंबरीला किंवा ॲनिमेशनला थेट उपयोगी पडणारी आहे.

प्रकल्पाची पायरी

या साऱ्या उदाहरणांतून वारशावर आधारलेल्या प्रकल्पाचा एक क्रम हाती लागतो. पहिली पायरी प्रत्यक्ष पाहण्याची. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणारे चित्र आकाराने, रंगाने आणि पोताने मुळाहून वेगळे असते. दुसरी पायरी हाताने प्रत करण्याची. ती प्रदर्शनासाठी नसून स्वतःच्या वहीसाठी असते. तिसरी पायरी साहित्य जाणण्याची. गेरू, तांदळाचे पीठ किंवा मातीचा गिलावा वापरून पाहिल्याशिवाय त्या कलेतील निर्णयांची कारणे कळत नाहीत. चौथी पायरी विचारण्याची : हे कोण करते, केव्हा करते, कोणत्या प्रसंगी करीत नाही? एवढे झाल्यावर विद्यार्थ्याने वही बंद करून स्वतःच्या आजच्या विषयाकडे वळावे. तो विषय लोकलची गर्दी असेल, गावाकडील आटलेली विहीर असेल किंवा आजीचे घर असेल. अभ्यास खरा झाला असेल, तर वहीतील गोष्टी न बोलावता हाताशी येतात.

संगणकावर दोन-चार शब्द टंकून कोणत्याही शैलीतील चित्र क्षणात मिळविण्याची सोय आता झाली आहे. ‘वारली शैलीत मुंबई’ असे सांगितले, तर यंत्र तशी आकृती तयार करून देते. त्यामुळे केवळ बाह्य रूप उचलून केलेल्या कामाचे मोल झपाट्याने घटत चालले आहे. यंत्राला ज्या चार पायऱ्या चढता येत नाहीत, त्या चढणाऱ्या विद्यार्थ्याच्या कामाला मात्र यापुढे अधिक अर्थ येईल. २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या जे. जे.सह राज्यातील सर्व कलासंस्थांना आपले अभ्यासक्रम नव्याने मांडताना याचा विचार करावा लागेल. प्रकल्पाचे गुण केवळ अंतिम कलाकृतीवर न देता क्षेत्रभेट, सरावाची वही आणि श्रेयनोंद यांनाही द्यावेत, ही त्याची साधी सुरुवात ठरू शकते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरील दगडी पाने, फुले, पक्षी आणि प्राणी घडविण्यात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ मध्ये ती वास्तू जागतिक वारसा ठरली. तिच्या कमानींखालून रोज लाखो प्रवासी जातात आणि त्या नक्षीमागील विद्यार्थ्यांची नावे त्यांतील क्वचितच कुणाला ठाऊक असतील. एका पिढीचा विद्यार्थी-प्रकल्प पुढच्या पिढीचा वारसा झाला, तो असा. आज वर्गात बसून चौथ्या वर्षाचा प्रकल्प आखणाऱ्या मुलामुलींनी आपल्या कामाच्या पहिल्या पानावर, ज्यांच्याकडून शिकलो त्यांची नावे लिहून ठेवली, तर निदान पुढच्या अभ्यासकाला ती शोधत बसावे लागणार नाही.